शनिवार, सहा डिसेंबर

पुण्यात सभागृहाची शनिवार-रविवारची संध्याकाळ मिळवणं हे मुलीसाठी स्थळ शोधण्याहून अवघड काम आहे. त्यातून सभागृह ‘कलामंडप’ असेल तर विचारूच नका. कसब्याच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ही इमारत होती. खुर्च्या जेमतेम चारशे, पण तोरा असा की सबंध महाराष्ट्राची कला याच छपराखाली सांभाळली जाते आहे. दारावर पाटी होती: ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. आपण उशिरा आलात तर तो आपला प्रश्न आहे.’ ही पाटी आप्पासाहेबांनी स्वतः लिहिली होती. आप्पासाहेब म्हणजे कलामंडपाच्या समितीचे अध्यक्ष, कसबा पेठेत जन्मलेले आणि पेठेबाहेरचं जग सोयीपुरतं मानणारे.

या कलामंडपात तनुजा जाधव बरीच वर्षं कार्यक्रमांचं काम बघत होती. कलाकारांशी बोलायचं, तारखा जुळवायच्या, गवयाला कोमट पाणी वेळेवर मिळतंय का बघायचं, कोणाचं नाव कोणाच्या वर छापलं म्हणून कोण रुसलंय ते शोधून काढायचं. दर हिवाळ्यात कलामंडपाचा नाटक, नृत्य आणि संगीताचा हंगाम भरायचा आणि त्याची सगळी सूत्रं तिच्या हातात असायची. समितीचे बाकीचे सभासद चहा प्यायचे आणि माना डोलवायचे.

दोन हजार तीन साली या हंगामाला हिंजवडीची एक सॉफ्टवेअर कंपनी प्रायोजक म्हणून लाभली. तिच्यातर्फे सौरभ नावाचा एक तरतरीत तरुण बैठकीला येऊ लागला. त्याला नाव ‘विंटर सीझन’ हवं होतं. आप्पासाहेब म्हणाले, “सीझन आंब्यांचा असतो. इथे हंगाम असतो. थंडी वाटल्यास इंग्रजीत वाजू द्या.” सौरभ हसला, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. मग त्याने दुसरा मुद्दा काढला.

“सर, सगळंच क्लासिकल असेल तर आमचं क्राउड डिसकनेक्ट होतं. बसेस भरून आणणार आहोत आम्ही. एक तरी इव्हिनिंग रूट्सवाली द्या ना. काहीतरी रॉ.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कित्येक हिवाळे तनुजा या क्षणाची वाट बघत होती. तिने पर्समधून एक कॅसेट काढली आणि म्हणाली, “शाहीर रामदास ओव्हाळ आणि पार्टी. आंबेडकरी जलसा. ऐकून तर बघा.”

कॅसेट लागली. डफावर थाप पडली आणि मागून तो आवाज आला. गोड मुळीच नव्हता. खणखणीत होता, ऐकणाऱ्याच्या बखोटीला धरून त्याला उभं करणारा होता. आप्पासाहेबांचं तोंड तिखट असलं तरी कान सच्चे होते, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, गाणं संपेपर्यंत हलले नाहीत आणि मग म्हणाले, “हा माणूस पुण्यातला?”

“मंगळवार पेठेतला,” तनुजा म्हणाली.

“म्हणजे आपल्या दारातला. आणि आपण दिल्लीला पत्रं पाठवत बसलो. वा.”

शाहीर रामदास ओव्हाळ आपले वडील आहेत, हे मात्र तिने सांगितलं नाही. आपल्याच बापाची शिफारस केली असं दिसेल, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरंही होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. संजयशी लग्न होऊन ती ओव्हाळची जाधव झाली, आणि जाधव हे आडनाव असं की ज्याला जे समजायचं ते तो समजतो. कलामंडपातल्या लोकांनी आपल्या परीने समजून घेतलं होतं आणि तिने कोणाला दुरुस्त केलं नव्हतं. कोणी तिला कधी वाईट वागवलं नव्हतं. तरी हळदीकुंकवाच्या गप्पा निघाल्या की ती फायली चाळायला लागायची, आणि दरवर्षी सहा डिसेंबरला ‘घरगुती काम’ असं सांगून रजा घ्यायची. घरगुती काम म्हणजे काय, असं कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आप्पासाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन बोट फिरवत होते. “सहा डिसेंबर, शनिवार, मोकळा दिसतोय. अरे वा, हा तर त्यांचाच दिवस. त्यांची माणसंही येतील, यांच्या बसेसही येतील. सभागृह भरलंच समजा. काय जाधवबाई, चालेल ना?”

बाबासाहेब गेले तो दिवस. त्या दिवशी गाणी होत नाहीत असं नाही, पण ती मैदानात होतात, अभिवादनाला जमलेल्या माणसांसाठी होतात. समई पेटवून, पुष्पगुच्छ देऊन, मध्यंतरात बटाटेवडे विकून होत नाहीत. आणि तिचे आबा तर तरुणपणापासून त्या दिवशी दादरलाच असायचे. हे सगळं तनुजाला पाठ होतं. तेरा तारखेचा शनिवारही तेव्हा मोकळाच होता. ‘तो आमच्या दुःखाचा दिवस असतो, तेरा तारीख धरा,’ एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. पण त्या वाक्यात ‘आमच्या’ हा शब्द होता. टेबलाभोवती बसलेले सगळे चेहरे आपल्याकडे वळतील, क्षणभर गप्प होतील आणि मग जरा जास्तच गोड बोलतील, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

“चालेल,” ती म्हणाली.

बैठक संपल्यावर तिला इतकी लाज वाटली की कॅसेट परत घ्यायचीही ती विसरली.

आबा मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि नोकरी सांभाळून जलसा सांभाळला. त्यांची पार्टी सहा-सात जणांची. हार्मोनियम, ढोलकी, झांज, कोरस, आणि सगळ्यांच्या पुढे डफ. डफ ज्याच्या हातात तो शाहीर, तो पुढे बसणार आणि बाकीचे त्याच्या मागे, असा त्या पार्टीचा कायदा होता. आबांना तो डफ त्यांच्या उस्तादांनी दिला होता. दरवर्षी पाच तारखेला पार्टी दादरला जायची. नांदेडहून, परभणीहून, अमरावतीहून आलेली माणसं मैदानात वर्तमानपत्रं पसरून बसलेली असायची आणि “ओव्हाळ शाहीर कुठं बसलेत?” असं विचारत शोधत यायची. तनुजा लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून ते सगळं बघायची. आपल्या बापाला शोधत एवढी माणसं येतात याचा तिला भयंकर अभिमान होता.

त्याच मुलीने आता त्यांना सांगितलं, “आबा, कलामंडपात तुमचा कार्यक्रम लागला. हिवाळी हंगामात. सहा डिसेंबरला.”

आबांचा चहाचा कप ओठापाशी थांबला. “सहाला?”

“शनिवार आहे,” तनुजा म्हणाली, जणू बिघडलेलं सगळं त्याने दुरुस्त होणार होतं.

आबांनी एक घोट घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, “बघू.” आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तनुजाकडे अशी नजर टाकली की तनुजा त्या दिवशी जेवायला न थांबता वाघोलीला आपल्या घरी निघून गेली.

त्यानंतर त्या तारखेविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आबांनी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. त्यांचं गप्प बसणं तनुजाला बोचत राहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. पण ओरडण्यासारखा त्यांचा घसाही राहिला नव्हता. पावसाळ्यापासून तो बसल्यासारखा होता. आधी हळद-दूध झालं, मग गुळण्या झाल्या, मग दसऱ्याच्या सुमाराला दवाखाना झाला आणि तिथे गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, पण गाणं सोडाच, बोलणंही राहणार नाही.

आईने पदर तोंडाला लावला. आबा मात्र शांतपणे म्हणाले, “सहा डिसेंबरनंतर करा.”

डॉक्टर चिडले. हे काय घराला रंग देण्याचं काम आहे का पुढे ढकलायला, असं म्हणाले. आबा काही केल्या हटेनात. शेवटी नऊ तारखेचा मंगळवार ठरला, आणि तोवर घसा जपून वापरायचा, असा दम मिळाला.

सहा डिसेंबरनंतर. तनुजाच्या डोक्यात ते शब्द घोळत राहिले. आबांच्या आवाजातलं हे शेवटचं दादर होतं. आणि ते आपण, आपल्या तोंडाने, चारचौघांत ‘चालेल’ म्हणून घालवलं होतं. ती माणसं मैदानात शोधत फिरतील आणि आबा इथे, फुकट पासावर बसने आलेल्या लोकांपुढे बसलेले असतील, आणि ती मंडळी प्रत्येक कडव्याला टाळ्या पिटतील. मुलीची अडचण होऊ नये म्हणून आबा मुकाट्याने येतील, याची तिला खात्री होती. तसाच होता तो माणूस. तिला स्वतःची शिसारी आली.

नोव्हेंबरच्या मध्यावर समितीची बैठक होती. माहितीपत्रकाचा मजकूर छपाईला जायचा होता. आप्पासाहेब एकेक कार्यक्रम वाचत होते. सहा तारखेपाशी आल्यावर तनुजा उभी राहिली. कोणी उभं राहून बोलत नसे तिथे, त्यामुळे सगळे चमकले.

“ओव्हाळांचा कार्यक्रम त्या दिवशी नको,” ती म्हणाली. “तो आमच्या दुःखाचा दिवस असतो. शाहीर त्या दिवशी दादरला असतात. इतकी वर्षं तेच करत आलेत. ते माझे वडील आहेत.”

चेहरे वळले आणि गप्प झाले. अगदी तिने कल्पना केली होती तसंच झालं, फक्त गोड कोणी बोललं नाही. आप्पासाहेबांनी कागद खाली ठेवला.

“मग सप्टेंबरात का बोलला नाहीत?”

“धीर झाला नाही.”

“कसला धीर?”

तनुजा नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आप्पासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या आणि ते उगीचच टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे करू लागले. “बरं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बरं.”

“आधीचा किंवा दुसरा दिवस मिळाला तर,” तनुजा म्हणाली. “नऊच्या आत कुठलाही.”

पण पाचला नाटकाने उद्घाटन होतं. सातला नृत्य होतं, मंडळी दिल्लीहून निघणार होती. सोमवारी नव्या नाटकाचा सेट लागणार होता. नऊच्या आतच का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण एका बैठकीत आणखी किती सांगणार, असंही तिला वाटलं. तेवढ्यात सौरभ म्हणाला, “नो इश्यू. आमच्या ऑफिसचा एक फ्यूजन बँड आहे. ते केव्हाचे स्लॉटच शोधतायत.” आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत सहा तारीख भरूनसुद्धा गेली.

आप्पासाहेब तिला दारापाशी गाठून म्हणाले, “पुढच्या हिवाळ्यात पहिली तारीख तुमच्या वडिलांची. हा माझा शब्द. बाकी कुणाला मी शब्द देत नाही, टिकत नाहीत लोक तोवर.” ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने बोलले होते, त्यात त्यांचा दोष नव्हता. तनुजाने मान हलवली.

तरी मंगळवार पेठेकडे चालत जाताना तिचं मन हलकं झालं होतं. सभागृह गेलं याचं वाईट वाटत होतं, पण आबांचं दादर आपण त्यांना परत मिळवून दिलं, आणि तेही सगळ्यांदेखत, आबांचं नाव घेऊन. वाटेत तिने आईसाठी संत्री घेतली.

घरी आबा आणि साईनाथ बसले होते. साईनाथ त्यांच्या पार्टीतला ढोलकीवाला, वयाने तनुजाएवढा, आबांच्याच हाताखाली तयार झालेला. खुंटीवर एक नवाकोरा पांढरा सदरा टांगलेला होता.

“आबा, सहाचा कार्यक्रम मी रद्द करून आले,” ती चपला काढता काढताच म्हणाली. “तुम्ही दादरला जा.”

तिला वाटलं होतं की आबांचा चेहरा खुलेल. आबा हार्मोनियमचा भाता बंद करत होते. तो त्यांनी नीट बंद केला, वर फडकं घातलं आणि मग वर बघितलं. साईनाथच्या तोंडून मात्र निघून गेलं, “अरे बापरे. मग आता काय करायचं, शाहीर?”

“काय झालं?” तनुजाने विचारलं.

“मी तुला कधी नको म्हणालो होतो?” आबांनी विचारलं. आवाज घोगरा, फाटका झाला होता.

“तुम्ही काही बोललाच नाहीत.”

“विचार करत होतो. पंधरा दिवस विचार केला आणि मग ठरवलं.” ते थांबले, पाणी प्यायले. “दादरला येणाऱ्या माणसाला मी काय नवं सांगणार, तनू? तो भाकरी बांधून, रात्रभर जागून येतो. त्याला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण ज्यांना तो दिवस ठाऊकच नाही, ते चारशे जण एका जागी, दारं लावून, गप्प बसलेले मला कधी मिळणार होते? त्याच दिवशी मिळत होते. मला वाटलं, तू मुद्दाम मागून घेतलीस ती तारीख.”

तनुजाने संत्र्यांची पिशवी खाली ठेवली.

मग साईनाथनेच सगळं सांगितलं, कारण आबांना एवढं बोलणं झेपणारं नव्हतं. समई लावायची नाही, हारतुरे नाहीत, हे आबा आप्पासाहेबांना स्वतः भेटून सांगणार होते. पडदा उघडला की आधी सगळ्यांना उभं करायचं. टाळ्या कोणी वाजवायच्या नाहीत. आणि त्यासाठी त्यांनी नवं गाणंसुद्धा बांधलं होतं. साईनाथने ते गायलं नाही, खाली बघत नुसतं म्हणून दाखवलं:

“टाळी नको, हार नको, उभं राहा जरा,
ज्यानं दिली वाचा त्याचा दिस आज खरा.”

“आणि दादर?” तनुजाने विचारलं.

साईनाथने कोपऱ्याकडे बघितलं. तिथे त्याच्या पिशवीतून डफाची कड दिसत होती. आबांचा डफ. तनुजाने तो लांबूनही ओळखला असता.

“मागच्या रविवारी सगळ्या पार्टीसमोर दिला,” साईनाथ म्हणाला. “म्हणाले, यंदापासून दादरला तू पुढे बस. मी तेव्हाच नको म्हणत होतो.” त्याने पिशवी ओढली आणि डफ काढून आबांपुढे धरला. “शाहीर, घ्या तुमचा. एवढ्या एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“दिलेला डफ परत घेत नसतात,” आबा म्हणाले.

“मग तुम्ही दादरला...”

“कोरसला बसेन. कोरसलाही माणूस लागतोच की.”

तनुजाला रडू आवरेना. सभागृहही गेलं होतं आणि मैदानातली पुढची जागाही गेली होती, आणि दोन्ही तिनेच घालवली होती, एकदा हो म्हणून आणि एकदा नाही म्हणून. “मी उद्याच्या उद्या जाऊन सांगते त्यांना,” ती म्हणाली. “बँड काढायला लावते.”

“काय सांगशील? दुःखाचा दिवस आहे म्हणालीस. आता नाही म्हणून सांगशील?”

आईने पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला आणि संत्र्यांची पिशवी उचलून आत नेली. मग आबांनी विचारलं, “सगळ्यांच्या समोर म्हणालीस? माझे वडील म्हणून?”

“हो.”

आबा खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघत राहिले. “ते बरं केलंस,” ते म्हणाले.

पाच तारखेला पार्टी दुपारच्या एसटीने दादरला निघणार होती. या वेळी तनुजाही जाणार होती. हंगाम सुरू होण्याच्या दिवशी कार्यक्रम बघणारी बाई रजेवर, असं कलामंडपात कधी घडलं नव्हतं. पण तिने आप्पासाहेबांना कारण सरळ सांगितलं होतं आणि ते एरवीसारखं काही बोलले नव्हते. सकाळी आबा नवा सदरा घालून तयार झाले आणि म्हणाले, “जाता जाता तो हॉल तरी दाखव.”

सभागृहात उद्घाटनाची तयारी चालली होती. रंगमंचावर झेंडूच्या माळांचा ढीग पडला होता आणि सुतार नुकताच न्याहारीला गेला होता. आबा पायऱ्या चढून वर गेले, मधोमध उभे राहिले, छताकडे बघितलं, मग लांबवर मागच्या रांगांकडे बघितलं. हात रिकामे असल्यामुळे त्यांचं त्यांनाच काय करावं ते कळत नसावं. ते उगीच सदऱ्याची बाही सारखी करत होते.

“म्हणा ना एक कडवं,” तनुजा म्हणाली. “मी माइक लावते. टेप करून ठेवते.”

“रिकाम्या खुर्च्यांना काय सांगू?” आबा म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हाताने तिला खाली बसायची खूण केली. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. आबांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणू लागले, “इथे बसलेल्या सगळ्यांना जयभीम. मंडळी, आज सहा डिसेंबर...”

ते थांबले. “आज पाचच आहे,” ते म्हणाले आणि खाली उतरून आले.

दरवाजात आप्पासाहेब उभे होते. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे येऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “शाहीर, यंदा जमलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पहिली तारीख तुमची. जाधवबाईंना मी शब्द दिलेला आहे.”

तनुजाच्या ओठांवर आलं होतं, की येत्या मंगळवारी यांचा आवाज जाणार आहे. ती थांबली. आबांकडे वळून हळूच म्हणाली, “आबा, सांगू का यांना?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली, सांग म्हणून.

तिने सांगितलं. दोनच वाक्यं होती ती. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, कॅसेट ऐकताना काढला होता तसा, आणि या वेळी तो पुसतच राहिले. शेवटी आबांनाच त्यांची दया आली.

“तारीख राहू द्या,” आबा म्हणाले. “आमच्या साईनाथला द्या. डफ त्याच्याकडे आहे. पण सहा डिसेंबरचीच द्या.”

आप्पासाहेब गोंधळले. “पण त्या दिवशी तर नको म्हणून...” त्यांनी तनुजाकडे बघितलं.

“मी त्यांना विचारलं नव्हतं,” तनुजा म्हणाली. “हो म्हणतानाही नाही आणि नाही म्हणतानाही नाही.”

आप्पासाहेब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, “पुढच्या वर्षी सहाला सोमवार येतो. सोमवारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.”

“येतील त्यांना आत घ्या आणि दारं लावा,” आबा म्हणाले. शेवटचा शब्द पुरता उमटलाच नाही, त्यांनी हातानेच दार लावून दाखवलं. आप्पासाहेबांनी मान डोलावली.

बाहेर रिक्षा उभी होती. स्टँडवर पार्टी वाट बघत असणार होती. पायऱ्या उतरताना तनुजाने आबांचा हात धरला आणि म्हणाली, “साईनाथला तुम्हीच सांगा हं तारखेचं. त्याला बरं वाटेल.”

आबांनी मान हलवली. गळ्यापाशी बोट नेत ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “तूच सांग. हा उद्या कोरसला लागेल.”